बायपासनंतर दुसऱ्याच दिवशी नळ्यांसकट उभं करतात, ते कितपत सुरक्षित?

रानजाई
नमस्कार मंडळी. माझ्या वडिलांची (वय 68) काल सकाळी बायपास झाली. रात्री व्हेंटिलेटर काढला. आज दुपारी भेटीच्या वेळेत आयसीयूत गेले तर फिजिओथेरपिस्ट मॅडम बाबांना पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवत होत्या. मानेत लाईन, मनगटात लाईन, छातीच्या खालून निघालेल्या दोन जाड नळ्या डब्याला जोडलेल्या, तिथेच टेपने चिकटवलेल्या केसासारख्या दोन वायरी, लघवीची पिशवी, नाकात ऑक्सिजन. एवढं सगळं अंगावर असताना त्यांना उभं केलं, जागच्या जागी पावलं टाकायला लावली आणि खुर्चीत बसवलं.

बाबा स्वतः "बरं वाटतंय" म्हणाले. पण दादा भडकला. छाती उघडून दोन दिवस झाले नाहीत आणि माणसाला उभं कसलं करता, म्हणून सिस्टरशी वाद घालून आला. मला डॉक्टरांवर अविश्वास नाही, फक्त समजून घ्यायचंय. उभं करण्याआधी हे लोक नेमकं काय तपासतात? कुठली नळी कशासाठी असते आणि ओढली गेली तर काय? आणि एखाद-दोन दिवस पडून राहू दिलं तर बिघडतं काय?

पंचगंगा
काळजी करू नका. माझ्या सासूबाईंनाही दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवलं होतं. आज रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारून येतात. जाणकार सविस्तर लिहितीलच.

झुळूक
मी हृदय-श्वसन विभागात काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतं, आणि विचारायलाच हवा. पेशंटला हात लावायच्या आधी आमचं निम्मं काम झालेलं असतं, ते नातेवाइकांना दिसत नाही.

सुरुवात फाईलपासून. हृदयाची पंपिंग म्हणजे ईएफ किती, ऑपरेशनमध्ये काही गुंतागुंत झाली का, पायातली शीर काढली की हातातली धमनी, रात्री छातीच्या नळीतून रक्त किती आलं, हिमोग्लोबिन किती. मग सिरिंज पंप बघायचे. नॉरॲडसारखं रक्तदाब टिकवणारं औषध चालू असेल तर डोस स्थिर आहे की तासातासाला वाढवावा लागतोय? वाढत असेल तर त्या दिवशी उभं करणं नाही. ठोके पेसमेकरवर चालले असतील तर तेही माहीत हवं. तुम्ही लिहिलेल्या त्या केसासारख्या वायरी त्याच्यासाठीच असतात.

त्यानंतर मॉनिटर आणि त्यानंतर माणूस. या दोन्हींत फरक दिसला तर मी माणसावर विश्वास ठेवते. आकडे छान आहेत पण कपाळावर गार घाम आलाय, ओठ फिके दिसतायत, उत्तर द्यायला वेळ लागतोय, तर मी बसवत नाही. स्टेथोस्कोपने फुप्फुसाचे तळ ऐकते. बायपासनंतर डाव्या तळाचा आवाज बहुतेकांचा कमी आलेला असतो, कारण फुप्फुसाचा तो भाग मिटलेला असतो. खोकला काढता येतो का बघते. पोटऱ्या दाबून बघते. वेदना दहापैकी किती विचारते. वेदना सात-आठ असेल तर आधी पेनकिलर, मग अर्ध्या तासाने उठणं. दुखत असताना माणूस खोल श्वासच घेत नाही.

आमच्या युनिटची ढोबळ चौकट अशी: विश्रांतीत नाडी 120 च्या आत, वरचा रक्तदाब 90 ते 180 मध्ये, सरासरी दाब म्हणजे मॅप 65 च्या वर, ऑक्सिजन 90 टक्क्यांच्या वर, श्वास मिनिटाला 30 च्या आत, आणि ठोक्यांत नवीन गडबड नाही. दर हॉस्पिटलात आकडे थोडे इकडेतिकडे असतात. मग पलंगाचं डोकं वर, थांबा, दाब घ्या. कडेला बसवा, थांबा, दाब घ्या. उभं करा, पुन्हा तेच. वरचा दाब 20 ने खाली आला, घेरी आली, किंवा नाडी विश्रांतीपेक्षा 30 ने वर गेली, की परत बसवायचं. यात कुणाचं शौर्य बघायचं नसतं.

कापूसकोंड्या
झुळूकताई, मॅप म्हणजे काय ते सांगा ना. मॉनिटरवर कंसात एक आकडा असतो तोच का?

झुळूक
हो, तोच. खालच्या दाबाची दुप्पट अधिक वरचा दाब, भागिले तीन. 120/80 ला 93 येतो. मेंदूला, मूत्रपिंडाला रक्त पोचण्यासाठी तो महत्त्वाचा. कधी वरचा दाब ठीक दिसतो पण खालचा पार 40 वर गेलेला असतो, तेव्हा मॅप खरं काय ते दाखवतो.

निशिगंधा
मी आयसीयूत सिस्टर आहे. नळ्यांबद्दल मी लिहिते, कारण त्या सांभाळायचं काम आमचं.

पहिला नियम असा की पेशंट हलवण्याआधी प्रत्येक नळीवर बोट ठेवून ती अंगापासून शेवटपर्यंत बघायची. नुसतं लांबून बघून भागत नाही. रात्री कूस बदलताना मानेतल्या लाईनची नळी कठड्याच्या सळईतून ओवली गेलेली असते. लघवीची नळी चादरीच्या टोकाखाली दबलेली असते. सॅच्युरेशनचा चिमटा ज्या बोटाला, त्याच हाताला बीपीचा पट्टा गुंडाळलेला असतो आणि पट्टा फुगला की ऑक्सिजन पडल्याचा अलार्म वाजतो. हे सगळं आधी मोकळं करायचं, ज्या बाजूने उतरायचं त्या बाजूला आणायचं, पंपांची बॅटरी चार्ज आहे का बघायचं, मग उठवायचं. ऑक्सिजनची नळी खुर्चीपर्यंत पुरते का हे तर माणूस उभा राहिल्यावर लक्षात येऊन उपयोग नाही.

मानेतली सेंट्रल लाईन: हिच्यातून महत्त्वाची औषधं जातात. ती मानेला टाके घालून पक्की केलेली असते, तरी ओढ बसू द्यायची नाही. ती सुटली तर रक्त जाईलच, पण बसलेल्या माणसाच्या त्या भोकातून हवा आत ओढली जाण्याचा धोका जास्त. म्हणून लगेच आडवं करून जागा दाबून धरायची आणि डॉक्टरांना हाक मारायची.

मनगटातली आर्टरी लाईन: ही थेट धमनीत असते. निघाली तर रक्त उडतं. घट्ट दाबायचं, निदान पाच मिनिटं, मध्येच उचलून बघायचं नाही. उभं राहताना पेशंट नेमका त्याच हातावर भार देऊन उठायला बघतो, तिथे लक्ष ठेवावं लागतं.

छातीच्या नळ्या (आम्ही सगळ्यांना सरसकट आयसीडीच म्हणतो): डबा नेहमी छातीच्या खाली. आडवा करायचा नाही, उचलून पलंगावर ठेवायचा नाही. श्वासाबरोबर पाणी वरखाली होतंय का, बुडबुडे येतायत का, रंग कसा आहे, हे उठवण्याआधी आणि नंतर बघायचं. पहिल्यांदा उभं केल्यावर आत साठलेलं रक्त एकदम खाली येऊ शकतं आणि नातेवाईक घाबरतात. थोडं येऊन थांबलं तर ठीक. येतच राहिलं तर पेशंट पलंगावर आणि फोन सर्जनला.

पेसिंग वायर: हृदयाच्या बाहेरच्या आवरणापर्यंत गेलेल्या असतात, म्हणून त्यांची उघडी टोकं झाकून ठेवलेली असतात. काढल्यानंतर आम्ही तासभर उठू देत नाही आणि बीपी घेत राहतो, कारण क्वचित आत रक्तस्राव होतो.

लघवीची पिशवी: मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. वॉर्डात गेल्यावर नातेवाईक पेशंटला चालवतात तेव्हा ही पिशवी सलाईनच्या स्टँडला बाटलीशेजारी अडकवतात. कृपा करून असं करू नका. पिशवीतली लघवी उलटी आत जाते आणि इन्फेक्शनला रस्ता मिळतो.

रानजाई, तुमच्या दादांचा राग मी समजू शकते. पण तिथल्या सिस्टरने आणि फिजिओने हे सगळं तुम्ही यायच्या आधी केलेलं असणार.

अबोली_गोवा
निशिगंधा, हा प्रतिसाद छापून वॉर्डाच्या भिंतीवर लावायला हवा. पिशवीबद्दल तर मला कुणी आजवर सांगितलंच नव्हतं. आम्ही आजीची पिशवी चालताना खांद्याइतकी उंच धरायचो, नळीला पीळ पडू नये म्हणून!

सडेतोड
माझं मत थोडं वेगळं आहे. हल्ली सगळीकडे घाई झालीय. बेड लवकर मोकळा व्हायला हवा म्हणून पेशंटला उठवतात. माझ्या काकांना एका खासगी हॉस्पिटलात न्यूमोनियातून जरा सावरतायत तोवर चालवलं. दोनदा "घेरी येतेय" म्हणाले तरी "येईल सवय" असं उत्तर. तिसऱ्या पावलाला खाली बसले ते बसलेच. नशिबाने डोकं आपटलं नाही. त्यांच्यासोबत एकच माणूस होता आणि त्याच्याच हातात सिलेंडरची ट्रॉली. शरीराला आराम लागतो हे आपल्या आजीला कळत होतं.

झुळूक
सडेतोड, काकांच्या बाबतीत झालं ते चुकीचंच होतं. घेरी येतेय असं पेशंटने म्हटलं की तिथेच थांबायला हवं होतं. आणि ऑक्सिजनवरच्या अशक्त पेशंटला पहिल्यांदा चालवताना दोन माणसं हवीतच, मागे ओढत आणलेली खुर्चीही हवी. त्याबद्दल तुमची तक्रार योग्य आहे.

पण "आराम लागतो" याबद्दल मी वाद घालणार. 1966 साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट मुलांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं होतं. त्यांची श्रम करण्याची क्षमता मोजली, ती दणकून घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने जेवढी क्षमता गेली नव्हती, तेवढी तेव्हाच्या तीन आठवड्यांनी गेली होती! आणि ती विशीतली मुलं होती. आयसीयूत गंभीर आजारी असलेल्यांच्या मांडीच्या स्नायूचा छेद सोनोग्राफीने मोजला तेव्हा दहा दिवसांत सुमारे 18 टक्के घट दिसली, हा 2013 चा अभ्यास आहे.

बायपासवाल्यांचं तर आणखी वेगळं. उताणं पडलं की पोटातले अवयव श्वासपटलाला वर ढकलतात, फुप्फुसाचे तळ मिटतात, कफ तिथे साठतो, मग ताप आणि न्यूमोनिया. नुसतं ताठ बसलं तरी तिथे हवा जायला लागते. रानजाईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं हे उत्तर. एक-दोन दिवस पडून राहिल्याने नक्की बिघडतं.

टेम्सकाठ
इंग्लंडमध्ये आयसीयूत फिजिओ आहे, शिक्षण मुंबईतलं. झुळूक यांच्याशी बहुतांशी सहमत, पण सडेतोड यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी.

2009 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. व्हेंटिलेटरवर असतानाच गुंगीची औषधं रोज काही वेळ थांबवून लवकर व्यायाम सुरू केलेल्यांपैकी 59 टक्के लोक घरी जाताना स्वतःचं स्वतः करू शकत होते, नेहमीच्या पद्धतीत 35 टक्के. आम्ही सगळे उत्साहात होतो. मग 2022 मध्ये टीम नावाची मोठी चाचणी आली, 750 पेशंट, व्हेंटिलेटरवरचे. एका गटाला रोज सरासरी 21 मिनिटं सक्रिय हालचाल, दुसऱ्याला 9 मिनिटं. सहा महिन्यांनी जास्त हालचालीचा फायदा दिसला नाही, आणि ठोके बिघडणं, दाब पडणं, ऑक्सिजन खाली जाणं अशा घटना 9 टक्क्यांना झाल्या, दुसऱ्या गटात 4 टक्क्यांना.

म्हणून झोपवून ठेवा असा याचा अर्थ मी काढत नाही. तिथला दुसरा गटही हलत होताच. पण जितकं जास्त आणि जितकं लवकर तितकं चांगलं, हे खरं नाही. त्या माणसाला आज, आत्ता किती झेपेल हे ठरवणं हेच आमचं काम. तपासणी सोडून ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे उठवत गेलं तर सडेतोड यांच्या काकांसारखं होतं.

सडेतोड
धन्यवाद टेम्सकाठ. मला हेच म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते. बायपासचं वेगळं असतं हे झुळूक यांचं म्हणणं मान्य. माझा राग काकांच्या अनुभवातून आलाय.

निद्रादेवी
भूलतज्ज्ञ. आर्टरी लाईनबद्दल एक बारीक पण फार महत्त्वाचा मुद्दा राहिला.

मनगटातल्या लाईनचा दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर सलाईनच्या स्टँडला किंवा पलंगाला बांधलेला असतो. तो हृदयाच्या उंचीला हवा, म्हणजे चौथ्या बरगडीच्या फटीत, काखेच्या मध्यरेषेवर. पेशंट आडवा असताना तो बरोबर लावलेला असतो. आता पेशंट बसला, उभा राहिला. हृदय वर गेलं, ट्रान्सड्यूसर तिथेच. दर 10 सेंटीमीटरला सुमारे साडेसात मिलिमीटरचा फरक पडतो. तो 20 सेंटीमीटर खाली राहिला तर मॉनिटर खऱ्यापेक्षा 15 ने जास्त दाब दाखवणार. म्हणजे उभं राहिल्याने दाब खरोखर पडलाय आणि पडद्यावर सगळं आलबेल! म्हणून उठवल्यावर ट्रान्सड्यूसर नव्या उंचीला लावायचा, किंवा दुसऱ्या हाताला पट्टा बांधून दाब घ्यायचा. मनगट वाकलं तर पडद्यावरची लाट चपटी होते आणि दाब खोटाच कमी दिसतो, हे त्याच्या उलट. दोन्ही वेळा आधी पेशंटच्या चेहऱ्याकडे बघा.

कापूसकोंड्या
बाप रे, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही तासन्‌तास त्या पडद्याकडे बघत बसायचो आणि आकडा दोनने हलला की आईच्या पोटात गोळा यायचा.

मेंदीचं_पान
आकड्यांचा विषय निघालाच आहे म्हणून. माझ्या वहिनीला बाळंतपणानंतर दम लागत होता म्हणून ॲडमिट केलं, ऑक्सिजन 86 दाखवतोय आणि ती मस्त गप्पा मारतेय. डोहाळजेवणाची मेंदी बोटांच्या टोकांपर्यंत, वर गडद नेलपॉलिश. सिस्टरने चिमटा कानाच्या पाळीला लावला तर 97.

टेम्सकाठ
अगदी. नेलपॉलिश, गडद मेंदी, गार पडलेले हात, थरथर, या सगळ्याने तो आकडा फसतो. त्वचेच्या रंगानेही फसतो. 2020 मध्ये अमेरिकेत दिसलं की रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असून यंत्रावर ठीक दिसण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय पेशंटमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. सावळ्या लोकांच्या देशात 92-93 वर बिनधास्त राहू नये, असं मला वाटतं. चिमट्यावरची लाट नीट येतेय का आणि त्यावरची नाडी हाताने मोजलेल्या नाडीशी जुळतेय का, हे बघितल्याशिवाय आकडा वाचायचाच नाही.

जाता जाता, बोटाच्या चिमट्याचं हे तंत्र शोधणारे जपानचे ताकुओ आओयागी. 1974 चा शोध. ते 2020 च्या एप्रिलमध्ये गेले, जेव्हा जगभर घराघरांत लोक त्यांचं यंत्र बोटाला लावून बसले होते.

गव्हांकुर
कोविडवरून आठवलं. तेव्हा ती सहा मिनिटं चालण्याची चाचणी सगळे घरात करत होते. ती हॉस्पिटलातलीच चाचणी का?

झुळूक
मूळ तीच, फक्त घरगुती रूप. खरी चाचणी 30 मीटरच्या सरळ बोळात करतात. सहा मिनिटांत किती मीटर चालला ते मोजायचं, आधी-नंतर नाडी, ऑक्सिजन आणि दम किती लागला ते विचारायचं. कोविडमध्ये अंतर कुणी मोजत नव्हतं, चालल्यावर ऑक्सिजन पडतो का एवढंच बघायचं होतं. बसून 96 आणि चालून 90 असेल तर आजार आत दडलाय हे कळायचं. त्या साध्या चाचणीने कितीतरी लोक वेळेत हॉस्पिटलात पोचले.

गव्हांकुर
धन्यवाद. माझ्या वडिलांना दम्यासारखा जुना आजार आहे (सीओपीडी). ॲडमिट असताना ऑक्सिजन 90 दिसला की मी हळूच फ्लो वाढवायचो, सिस्टर ओरडायच्या. का?

निद्रादेवी
कारण सीओपीडीत आम्ही मुद्दाम 88 ते 92 मध्येच ठेवतो. त्याहून जास्त दिला तर काही पेशंटमध्ये रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस पेंगुळतो आणि श्वास मंदावतो. नातेवाइकांना वाटतं शांत झोप लागली. ऑक्सिजन हे औषध आहे, त्याचा डोस डॉक्टर ठरवतात. फ्लोच्या चकतीला हात लावू नका, हे मी कळकळीने सांगतो.

दवबिंदू
मी बीपीटीला (फिजिओथेरपीच्या पदवीला) आहे, इंटर्नशिप चालू. दोन शंका. मांडीत लाईन असेल तर चालवायचं का? आणि चालवताना आयसीडीला क्लॅम्प (नळी बंद करणारा चिमटा) लावायचा का? आमच्याकडे दोन सर दोन गोष्टी सांगतात.

झुळूक
मांडीच्या लाईनबद्दल पूर्वी सरळ नाही म्हणायचे. नंतरच्या अभ्यासांत मांडीत लाईन असतानाही बसवणं-चालवणं सुरक्षितपणे करता आलंय. पण लाईन कशासाठी आहे हे बघ. साधी सेंट्रल लाईन असेल तर आमच्याकडे सर्जन परवानगी देतात. डायलिसिस चालू असेल, हृदयाला मदत करणारा बलून पंप असेल तर नाही. लेखी परवानगी घे, तोंडी नको. आधी आणि नंतर ड्रेसिंग उघडं करून बघायचं, रक्त दिसतंय का, पाऊल गरम आहे का.

निशिगंधा
क्लॅम्प: स्वतःहून कधीच नाही. फुप्फुसातून हवा गळत असेल आणि क्लॅम्प लावून चालवलं, तर हवा आत कोंडून छातीत दाब वाढतो आणि जीव धोक्यात येतो. डबा खाली धरून चालवायचं. नळी डब्यापासून सुटली तर काय करायचं हे उठवण्याआधी सिस्टरला विचारून ठेव. नळी छातीतूनच निघाली तर भोकावर लगेच गॉझ धरायचा आणि ओरडायचं, लाजायचं नाही.

पिंपळपार
न्यूरोत काम करतो, म्हणून एक भर. डोक्यात ड्रेन (ईव्हीडी) असलेल्या पेशंटचा पलंग वरखाली करायचा असेल तर सुद्धा आधी सिस्टरला बोलवा. त्याची उंची कानाच्या पातळीशी जुळवलेली असते. पेशंट उठला आणि ड्रेन उघडाच राहिला तर मेंदूतलं पाणी भराभर वाहून जातं. सिस्टर बंद करणार, आपण उठवणार, सिस्टर पुन्हा पातळी जुळवून उघडणार.
आणि डायलिसिसचा फिस्तुला ज्या हातात, त्या हाताला बीपीचा पट्टा नको, त्या हाताला धरून उठवणंही नको.

दवबिंदू
सगळ्यांचे आभार. वहीत लिहून घेतलं.

कापूसकोंड्या
हे सगळं फिजिओला शिकवतात? मला वाटायचं मान आखडली, गुडघा दुखला की त्यांच्याकडे जायचं.

टेम्सकाठ
बीपीटीच्या अभ्यासक्रमात हृदय-श्वसन हा पूर्ण विषय आहे. भारतातलं पहिलं फिजिओथेरपीचं शिक्षण 1953 मध्ये मुंबईत केईएमला सुरू झालं, ते पोलिओच्या साथीमुळे. पोलिओचे पेशंट म्हणजे फक्त पाय लुळे पडलेले नव्हेत, श्वासाचे स्नायू गेलेलेही. छातीचं काम या व्यवसायात पहिल्यापासून आहे. इथे इंग्लंडमध्ये तर रात्री दोन वाजता कफ अडकला म्हणून फिजिओला घरून बोलावतात.

वारीची_वाट
माझ्या आजोबांच्या फिजिओताई त्यांना चालताना हरिपाठ म्हणायला लावायच्या. आम्हाला वाटायचं मन रमावं म्हणून. त्यांनी सांगितलं, "आजोबांचा अभंग जिथे तुटतो तिथे मी थांबते."

झुळूक
किती छान! याला बोलण्याची चाचणी म्हणतात. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त झाला. बायपासनंतर बहुतेकांना मेटोप्रोलॉलसारखी गोळी असते, ती नाडी वाढूच देत नाही. त्यामुळे जास्तीत जास्त नाडी काढायचं 220 वजा वय हे गणित इथे चालत नाही. दम किती लागला हे सहा ते वीसच्या बोर्ग पट्टीवर विचारतो, सुरुवातीला 11 ते 13 च्या पुढे नको. आणि मी नाडी बोटांनीही बघते, कारण बायपासनंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत ठोके अनियमित होण्याचं प्रमाण बरंच असतं. ते बोटाला चटकन कळतं.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. दादाला हा पूर्ण धागा मोठ्याने वाचून दाखवला. काल तो स्वतः आत गेला आणि फिजिओ मॅडमना विचारलं, "तुम्ही आधी काय बघता?" त्यांनी फाईल उघडून सगळं दाखवलं. छातीच्या नळ्या आणि मनगटातली लाईन निघाली, बाबा बोळातून चालले. दादा लघवीची पिशवी गुडघ्याच्या खाली धरून त्यांच्या बाजूने चालत होता. सिस्टरची माफीही मागितली त्याने.

आता दोन प्रश्न. ते तीन चेंडूंचं यंत्र बाबा फुंकतात, ते बरोबर का? आणि खोकला आला की छाती उकलेल अशी त्यांना भीती वाटते, म्हणून दाबून ठेवतात.

झुळूक
फुंकायचं नाही, ओढायचं! आधी पूर्ण श्वास सोडा, नळी ओठांत घट्ट धरा, मग सावकाश आत ओढा. पहिला चेंडू सेकंदाला 600 मिलिलिटर हवा ओढली की, दुसरा 900 ला, तिसरा 1200 ला उचलतो, पण तिन्ही झटक्यात उडवण्यात अर्थ नाही. एक किंवा दोन चेंडू तीन सेकंद वर टिकले तर फायदा जास्त. जागे असताना दर तासाला दहा वेळा, मध्ये दोन-तीन साधे श्वास, नाहीतर गरगरतं.

खोकला दाबू देऊ नका. छोटी उशी किंवा घडी केलेला टॉवेल छातीशी दोन्ही हातांनी कवटाळायचा आणि खोकायचं. हाड तारेने बांधलेलं असतं, साध्या खोकल्याने उकलत नाही. जुळायला मात्र सहा ते आठ आठवडे लागतात, पुरतं पक्कं व्हायला काहींना तीन महिनेही. तोवर उठताना हातांवर जोर नको, कुशीवर वळून उठायचं. भरलेली बादली, गॅसचा सिलेंडर, नातवंड, काहीही उचलणं नको. जखमेतून पाणी आलं किंवा छातीत कट्‌कट् असं हलल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा.

सडेतोड
रानजाई, बाबांना शुभेच्छा. झुळूक, एक विचारतो. काका आता घरी आहेत, ऑक्सिजनवरच. संडासापर्यंत नेताना छोटा सिलेंडर लागतो. तो मध्येच संपेल याची काकूंना धास्ती. किती वेळ पुरतो हे कसं काढायचं?

निशिगंधा
मी सांगते. आपल्याकडचा बी टाईप सिलेंडर पूर्ण भरलेला असेल तर त्यात साधारण 1500 लिटर असतात. मिनिटाला 2 लिटरने साडेबारा तास, 5 लिटरने पाच तास. काटा अर्ध्यावर असेल तर वेळ निम्मा धरा, आणि त्यातूनही थोडा राखून ठेवा. तुमचा सिलेंडर त्याहून लहान असेल तर किती लिटरचा आहे ते पुरवठादाराला विचारून अंगावर खडूने लिहून ठेवा. काकूंना काटा वाचायला शिकवा. उठवण्याआधी चावी उघडून नळीचं टोक गालाजवळ धरायचं, हवा लागली की मगच नाकात लावायची. आणि देवघरातला दिवा त्या वाटेवर असेल तर तो आधी हलवा.